मागची सीट नको, पण लायसन्सचं काय?

"ताई, नमस्कार. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याचं बँकॉकला ऑफिसचं चार दिवसांचं काम आहे, मीही सोबत जातेय. त्याला जोडून पाच दिवस सुट्टी काढून उत्तर थायलंडमधल्या चियांग माईहून मे होंग सोनचा बाईक लूप, म्हणजे डोंगरातून गोल फिरून परत चियांग माईला, करायचं चाललंय. अजून पुढचं काही बुक केलेलं नाही. नवऱ्याचं म्हणणं, एकच ५०० सीसीची बाईक घेऊ, तू मागे बस. मला स्वतःची स्कूटर हवीये. सहा वर्षं मी रोज स्कूटर चालवतेय, फक्त माझं लायसन्स कारचं आहे. नवरा म्हणतो तिथे कुणी बघत नाही, पकडलंच तर थोडे पैसे देऊन सुटतो, पण दोन गाड्या म्हणजे उगाच खर्च आणि डोक्याला ताप. सासूबाईंना अजून यातलं काहीच माहीत नाही. मी हट्ट करतेय का?
— मागच्या सीटला कंटाळलेली"

अगं, हट्ट अजिबात नाहीये. सहा वर्षं स्वतः हँडल धरणाऱ्या बाईला ६०० किलोमीटर कुणाच्या तरी हेल्मेटच्या मागचं स्टिकर बघत बसायला सांगणं ही शिक्षा आहे, आणि तो घाटरस्ता असा आहे की मागे बसणाऱ्याला मळमळतं, चालवणाऱ्याला मजा येते. इथपर्यंत मी तुझ्या बाजूने.

पण ते पत्राच्या मधोमध हळूच सरकवलेलं वाक्य, "फक्त माझं लायसन्स कारचं आहे". फक्त! म्हणजे सहा वर्षं तू घरीसुद्धा विनालायसन्सच चालवतेयस, आणि आजवर कुणी अडवलं नाही म्हणून ते तुला "फक्त" वाटतंय. घरचं तू आणि तुझे ट्रॅफिक हवालदार बघून घ्या, पण परदेशात या एका शब्दाने सगळं गणित फिरतं.

कसं ते सांगते. थायलंडमध्ये आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, आणि ते परमिट म्हणजे नवीन लायसन्स नव्हे, तुझ्याकडे जे आहे त्याचंच भाषांतर असतं एक प्रकारे. मूळ लायसन्सवर टू-व्हीलर नसेल तर परमिटवर टू-व्हीलरचा रकाना कोराच राहणार. तो कोरा रकाना घेऊन तू स्कूटर चालवलीस आणि पडलीस, तर हॉस्पिटल उपचार करेल, बिल देईल, आणि मग तुझी ट्रॅव्हल इन्शुरन्स कंपनी पहिला कागद कुठला मागेल सांग? लायसन्स. त्या गाडीसाठी वैध लायसन्स नव्हतं म्हटल्यावर ते हात वर करायला मोकळे, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत पण नाही, पॉलिसीत लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. म्हणजे प्रीमियम भरलेला, कागद जवळ, आणि उपयोग शून्य.

आणि नवऱ्याचं ते "थोडे पैसे देऊन सुटतो" हे अर्धवट खरं आहे म्हणून जास्त घातक आहे. चियांग माईत जुन्या शहराच्या खंदकाभोवती पोलिसांची नाकाबंदी असतेच, परदेशी माणूस स्कूटरवर दिसला की बाजूला घेतात, कागद नसला तर दंड घेतात, पावती देतात आणि जाऊ देतात. लोकांना वाटतं पावती मिळाली म्हणजे झालं, आता बिनधास्त. दंड भरला म्हणून लायसन्स येत नाही ना! पोलिसाचं काम तिथे संपलं, इन्शुरन्सवाल्याचं अजून सुरू व्हायचंय.

भाड्याच्या गाडीवर तिथला सक्तीचा विमा असतो, त्याला 'पो रो बो' म्हणतात, त्यातून जखमी माणसाला चूक कुणाची हे न बघता सुरुवातीच्या उपचाराला ३०,००० बाटपर्यंत मिळतात. प्लॅस्टर घालायला ठीक आहे. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन आलं, तर तेवढे पैसे कुठे जातात कळतही नाही. आणि त्यातून गाडीच्या नुकसानीला काही मिळत नाही.

आता नवऱ्याकडे वळू, कारण पत्रभर तो स्वतःला सेफ धरून चाललाय. त्याचं लायसन्स टू-व्हीलरचं असेल, ठीक, पण परमिट काढलंय का? पत्रात तर कुठे दिसलं नाही. आरटीओत मिळतं, परिवहनच्या साईटवरून फॉर्म ४ अ भरायचा, फी १००० रुपये, एक वर्ष चालतं. आणि भारतात असतानाच काढायचं, तिकडे पोचल्यावर आठवून उपयोग नाही. आपलं परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली निघतं आणि थायलंड तो करार मानतं, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण तुमचं थायलंड बारगळलं की नवरा दुसऱ्या दिवशी "मग व्हिएतनाम करू" म्हणणार, सगळे तेच म्हणतात. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं परमिट मानतं, आपलं १९४९ चं तिथे धरत नाहीत. तिथे जायचं तर स्थानिक चालकाच्या मागे बसून जायचं, म्हणजे तुझी पुन्हा मागची सीट आणि या वेळी त्याचीही. ते बघायला मी तिकीट काढून येईन.

आणि त्याच्या पॉलिसीत टू-व्हीलरबद्दल नेमकं काय लिहिलंय ते वाचायला सांग त्याला. काही पॉलिसींत भाड्याची बाईक चालवणं धरतच नाहीत, काहींत सीसीची मर्यादा असते, काहींत ते ॲडव्हेंचर म्हणून वेगळं विकत घ्यावं लागतं. फोनवर "हो हो कव्हर आहे मॅडम" सांगतात त्याला काही अर्थ नाही, मेलवर लिहून मागवायचं. हेल्मेट नसेल किंवा पोटात बिअर असेल तरी क्लेम गेला, तेही तिथेच बारीक अक्षरात सापडेल.

बरं, आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या दोघांच्याही डोक्यात आलेली दिसत नाही. मार्च!

उत्तर थायलंडमध्ये साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत शेतातले पाचट आणि डोंगरातलं जंगल जळत असतं. चियांग माई दरीत आहे, धूर बसतो तो हलत नाही, त्या दिवसांत हे शहर जगातल्या सगळ्यात खराब हवेच्या यादीत वर वर असतं. मी पहिल्यांदा गेले तो मार्चच होता, मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. हुआई नाम दांगच्या व्ह्यू पॉइंटला सकाळी सहाला थंडीत कुडकुडत पोचले, समोर दरी आणि ढगांचा समुद्र दिसायला हवा होता. दिसलं काय तर राखाडी पडदा, आणि त्यामागे एक नारिंगी गोळी, तो सूर्य. हेल्मेटची काच पुसली की बोटाला काळं लागायचं. तिसऱ्या दिवशी घसा इतका बसला होता की हॉटेलवाल्या बाईंशी खुणांनी बोलत होते, त्यांना वाटलं मला थाई येत नाही म्हणून, तेही खरंच होतं. गाडीत एसी लावून बसता येतं, बाईकवर तो सगळा धूर थेट आपल्या छातीत.

तर मार्च रद्द. ऑफिसचं काम उरका, जोडून सुट्टी घेतलीच आहे तर दक्षिणेला समुद्राकडे जा, बाईकविना जा, मजा करा. आणि लूप नोव्हेंबरमध्ये कर, तेव्हा पाऊस संपलेला असतो, डोंगर हिरवे असतात, आणि खुन युआमजवळ मे ऊ खोला सगळा डोंगर पिवळ्या रानसूर्यफुलांनी भरतो, ती फुलं नोव्हेंबरात, फार तर डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, नंतर नाही. फक्त नोव्हेंबरच्या पौर्णिमेला चियांग माईत दिव्यांचा सण असतो, तेवढे दिवस हॉटेलं आधी बघून ठेव. डिसेंबरच्या शेवटी जाऊ नका, अख्खं बँकॉक थंडी खायला तिकडे आलेलं असतं.

आणि यातली गंमत बघ, नोव्हेंबर म्हटलं की तुझ्या लायसन्सलाही वेळ मिळतो. कारच्या लायसन्सला टू-व्हीलर जोडता येतं, लर्निंग काढायचं, ३० दिवस थांबायचं, मग टेस्ट. काढायचंच आहे तर गिअरवाल्याचं काढ, विनागिअरचं त्यात आलंच, उद्या मन बदललं तर पुन्हा हेलपाटा नको. मग ऑगस्ट-सप्टेंबरकडे परमिट काढ. फार आधी काढलंस तर वर्ष तसंच वाया जाईल. तिथे फिरताना मूळ लायसन्स, परमिट, पासपोर्ट तिन्ही जवळ लागतात, नुसतं परमिट दाखवून चालत नाही.

आता ती ५०० सीसी. नवरा घरी काय चालवतो ते तू लिहिलं नाहीस पण माझा अंदाज आहे की ऑफिसला जायची ११०-१२५ ची काहीतरी. २०० किलोच्या आसपासची बाईक, मागे बायको, मागच्या बायकोच्या पाठीवर सॅक, आणि समोर घाटातलं हेअरपिन वळण ज्याच्या आतल्या बाजूला रस्ता एकदम चढतो. तिथे स्पीडने कुणी पडत नाही, तिथे माणूस अर्ध्यात थबकतो, पाय टेकवायला जातो आणि पाय ठेवायला जमीन जिथे असायला हवी तिथे नसते. आडवी! पहिल्या गिअरमध्ये, शून्य स्पीडने. मी डोळ्यांनी बघितलंय, एक नाही तीनदा, आणि दर वेळी मागे बसलेल्याचाच घोटा अडकला.

दोन स्कूटर घ्या, १२५ ते १६० सीसीच्या, ऑटोमॅटिक. होंडा क्लिक १२५ असते सगळीकडे, जरा ऐसपैस हवी असेल तर पीसीएक्स किंवा एनमॅक्स. १२५ ची स्कूटर साधारण २०० ते ३०० बाट दिवसाला मिळते, म्हणजे दोन स्कूटर मिळूनसुद्धा एका ५०० सीसीपेक्षा स्वस्त. त्यामुळे "दोन गाड्यांचा उगाच खर्च" हा मुद्दा नवऱ्याने हिशेब न करता ठोकून दिलाय असं माझं मत झालंय.

ऑटोमॅटिक स्कूटरची एक खोड मात्र माहीत हवी, आणि सपाटीवर सहा वर्षं चालवूनही ती कळत नाही. उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडून एकदम हळू आलीस की आतला क्लच सुटतो, इंजिन गाडीला धरत नाही, गाडी नुसती घरंगळते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मग आपण घाबरून ब्रेक दाबूनच ठेवतो, पाच-सात मिनिटं सलग, तो तापतो, जळका वास येतो, आणि मग लिव्हर दाबलं तरी गाडी पहिल्यासारखी थांबत नाही. हे झालं की माणसाचं पाणी पाणी होतं. म्हणून उतारावर क्लच धरलेला राहील इतपत वेग ठेवायचा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक एकत्र, घट्ट पण थोडा वेळ, मग सोडून द्यायचे, पुन्हा दाबायचे. वास आला तर कडेला घे, दहा मिनिटं फोटो काढ. थंड होतो, पुन्हा नीट चालतो. वळणात शिरल्यावर ब्रेक नाही, त्यातही कडेला बारीक खडी असते तिथे तर नाहीच.

गाडी घेताना दुकानात पासपोर्ट ठेवून घ्यायला बघतात. ठेवायचा नाही. रोख डिपॉझिट देतो म्हणायचं, साधारण ३००० ते ५००० बाट मागतात, नाही म्हणाले तर पुढचं दुकान. पासपोर्ट त्यांच्याकडे असला की परत करताना जो ओरखडा ते दाखवतील तो तुझा. माझ्याबरोबर झालंय, उजव्या आरशाखाली नखाएवढा ओरखडा होता, मी पैज लावून सांगते आधीपासूनचा, २५०० बाट मोजले कारण दुसऱ्या दिवशी विमान होतं आणि पासपोर्ट त्यांच्या ड्रॉवरमध्ये. तेव्हापासून मी गाडी ताब्यात घेताना दुकानदाराला फ्रेममध्ये उभं करून व्हिडिओ काढते, चारी बाजू, टायरची नक्षी, आरसे, सीटखाली, मीटरवरचे किलोमीटर. त्याला राग येत नाही, आला तर ते दुकान बदलायचं लक्षण समज. टायर गुळगुळीत असेल तर दुसरी गाडी माग, लाजायचं नाही. दुकानातली हेल्मेटं डोक्यावर भांडं ठेवल्यासारखी हलतात, स्वतःचं नेता आलं तर बेस्ट, आणि विनाहेल्मेट तिथे २००० बाटपर्यंत दंड आहे, मागच्यालाही.

मोठ्या बॅगा चियांग माईच्या हॉटेलात ठेवून जा, लूप असल्याने परत तिथेच यायचंय, एकेक छोटी सॅक पुरे.

रस्ता तसा सोपा आहे, आणि गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून, हे फार मोठं सुख आहे. चियांग माईहून १०७ नंबरच्या हायवेने उत्तरेला, मग डावीकडे १०९५ पकडला की घाट सुरू, पाय गावापर्यंत साधारण १३० किलोमीटर आणि लोक म्हणतात त्यात ७६२ वळणं. अख्ख्या लूपला १८६४ वळणं, असं छापलेले टीशर्ट विकतात, मोजायला मी गेले नाही. गावाचं नाव खरंच पाय आहे, आणि संध्याकाळी त्याच्या बाजारात फिरलीस तर निम्म्या पर्यटकांच्या पायाला बँडेज दिसेल, विनोद नाही करत. बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्कूटर तिथेच हातात घेतलेली असते. एक खूण तर इतकी ठरलेली की गंमतीने तिला टॅटू म्हणतात, उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा चटका. उतरायचं ते नेहमी डाव्या बाजूने, आणि फुल पँट.

पाच दिवस काढ, चार नको. पायला दोन रात्री राहा, पहिल्या दिवसानंतर मनगटं आणि पाठ बोलायला लागते. मग मे होंग सोन, ११० एक किलोमीटर, वाटेत सोप्पोंगला थांबून थाम लोद गुहा बघ, आत बांबूच्या तराफ्यावरून नेतात, कंदील घेतलेली गाईड बाई पुढे. नंतरचा मे होंग सोन ते मे सारियांग १०८ वरचा टप्पा १६० च्या वर आहे पण तिथे गर्दी अजिबात नसते, मला सगळ्यात आवडलेला तोच, ती पिवळी फुलं याच वाटेवर खुन युआमला. शेवटचा दिवस १९०-२०० किलोमीटर होतो, लवकर निघ.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की पहिल्या पंपावर भर, पुढचा बघू म्हणू नकोस. चियांग माई-पाय रस्त्यावर पांढऱ्या मिनीव्हॅन असतात, वळण कापून तुझ्या लेनमध्ये येतात, म्हणून आंधळ्या वळणावर मधल्या रेषेला चिकटायचं नाही, डावीकडे राहायचं. पाचच्या आत मुक्कामी पोच. अंधारात कुत्री, खड्डे आणि दमलेली तू, तिन्ही एकत्र नको. दोघं दोन गाड्यांवर म्हणजे चुकामूक होणारच, म्हणून आधीच ठरवा, जो पुढे आहे त्याने दर फाट्यावर थांबायचं आणि पुढे तू राहायचं. नवरा पुढे राहिला तर तू त्याच्या स्पीडने चालवशील, आणि तो तुला इम्प्रेस करायच्या स्पीडने चालवेल.

ॲम्ब्युलन्स १६६९, टुरिस्ट पोलीस ११५५. टुरिस्ट पोलिसांत इंग्रजी बोलणारं कुणीतरी मिळतं, दोघांच्याही फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा.

सासूबाईंचं म्हणशील तर मार्चचं आता काही सांगायलाच उरलं नाही, समुद्रावर जातोय म्हणून सांग, त्यात खोटं काही नाही. नोव्हेंबरचं मात्र लपवू नकोस. परदेशात काही झालं तर पहिला फोन घरीच जातो आणि तेव्हा "तू बाईकवर काय करत होतीस" इथून सुरुवात झाली की बाकीचं सगळं बाजूला राहतं. नवीन लायसन्स हातात आलं की ते दाखवतच सांग, मुक्कामांची नावं आणि इन्शुरन्सचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजला लावून जा. ओरडतील. मग शेजारणीला स्वतःच सांगतील, आमची सून चालवते म्हणून.

नवऱ्याला हे उत्तर वाचायला दे, ५०० सीसीचा भाग मोठ्याने वाच. आणि लर्निंगचा स्लॉट या आठवड्यातच घे. टेस्टला आठचा आकडा काढायला लावतात, तिथे पाय टेकला की नापास, आणि रोज चालवणाऱ्याच तिथे टेकवतात, तेव्हा आधी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये चार दिवस गोल गोल फिरून घे.